बंद पडलेली कोळसा खाण चालू का ठेवावी लागते?

३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ-ऑन-सोर इथलं वीजकेंद्र बंद झालं आणि ब्रिटनमध्ये कोळशापासून वीज तयार होणं थांबलं. कोळशावरचं पहिलं सार्वजनिक वीजकेंद्र १८८२ साली याच देशात, लंडनला सुरू झालं होतं. जमिनीखालच्या खोल खाणींचा कारभार तर त्याआधीच आटोपला होता. यॉर्कशायरमधली केलिंग्ली ही त्यातली शेवटची मोठी खाण डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली.

तरीही साउथ वेल्समधल्या ब्लॅनाव्हॉन गावात माणसं आजही हेल्मेट घालून, कपाळावर दिवा लावून ९० मीटर खाली कोळशाच्या खाणीत उतरतात. खाणीचं नाव बिग पिट. २ फेब्रुवारी १९८० रोजी तिथलं काम कायमचं थांबलं, १९८३ पासून ती पर्यटकांसाठी खुली झाली आणि आता ते वेल्सचं राष्ट्रीय कोळसा संग्रहालय आहे. ब्लॅनाव्हॉनचा सगळा औद्योगिक परिसर २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. शिवकाळातल्या किल्ल्यांचा २०२५ साली ज्या यादीत समावेश झाला, तीच ही यादी.

पण किल्ला जपणं आणि खाण जपणं यात मोठा फरक आहे. किल्ल्याकडे दहा वर्षं कुणी फिरकलं नाही, तर तट ढासळेल, झाडं उगवतील, पण किल्ला जागेवर राहील. खाणीकडे काही महिने दुर्लक्ष केलं तर ती माणूस मारू शकते, आणि काही वर्षं केलं तर ती उरतच नाही. कोळसा काढणं सोडलं, तर चालू खाणीत जे जे करावं लागतं त्यातलं बरंचसं जपलेल्या खाणीतही करावं लागतं. ते काय आणि का, हे कळलं की अशा ठिकाणी जे विचित्र वाटतं त्याचा उलगडा होतो.

जमिनीखाली नेमकं असतं काय?

कोळसा खडकात थराथरांनी असतो. वेल्सचा कोळसा सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या झाडांचा. या थरापर्यंत पोचण्यासाठी वरून सरळ खाली खणलेला विहिरीसारखा मार्ग म्हणजे शाफ्ट. त्यातून माणसांना खाली नेणारा लोखंडी पिंजरा म्हणजे केज. खाली थराच्या आजूबाजूने बोगदे काढलेले असतात. कोळसा काढून घेतल्यावर मागे जी पोकळी राहते आणि जिचं छत हळूहळू कोसळू दिलं जातं, तिला आपल्याकडचे खाणकामगार गोफ म्हणतात. एवढे शब्द पुढे पुरतील.

बिग पिट हे नाव शाफ्टच्या आकारावरून पडलं. तो लंबगोल आहे, १८ फूट बाय १३ फूट. कोळशाच्या गाड्यांच्या दोन रांगा शेजारी शेजारी चढउतार करू शकतील एवढा रुंद. १८८० च्या सुमारास तो २९३ फुटांपर्यंत खोल नेला. ब्लॅनाव्हॉनमध्ये त्याआधी १७८९ पासूनच लोखंडाचा कारखाना होता, कारण लोहखनिज, चुनखडी आणि कोळसा या तिन्ही गोष्टी त्याच डोंगरात मिळत होत्या.

खाण बंद आहे, मग मोबाइल का काढून घेतात?

खाली उतरण्याआधी तुमच्याकडून मोबाइल, घड्याळ, कॅमेरा, गाडीची रिमोटवाली किल्ली, काडेपेटी, लायटर असं सगळं जमा करून घेतात. तुमच्याकडचं बॅटरीवर चालणारं काहीही खाली जात नाही. बदल्यात मिळतं हेल्मेट, दिवा, आणि कमरेला जड पट्टा. बऱ्याच जणांना वाटतं की हे जुन्या काळचा अनुभव देण्यासाठीचं नाटक आहे. तसं नाही. हा कायदा आहे आणि त्यामागे मिथेन आहे.

झाडांचा कोळसा होताना मिथेन वायू तयार होतो आणि कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांमध्ये दाबाखाली अडकून बसतो. गोटी सोड्याची बाटली बंद असते तेव्हा आत वायू आहे हे दिसतही नाही, गोटी दाबली की फसफसून वर येतो. थर उघडला की कोळशाचं तसंच होतं. फरक इतकाच की सोडा दोन मिनिटांत शांत होतो, कोळशाचा थर आणि गोफ यांमधून वायू वर्षानुवर्षं झिरपत राहतो. खाण बंद करण्याचा आदेश त्याला लागू होत नाही.

मिथेनला रंग नाही, वास नाही. तो हवेपेक्षा हलका, म्हणून छताशी साचतो. हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर एक ठिणगी पुरते. ही ठिणगी डोळ्यांना दिसेल एवढी मोठी असण्याचीही गरज नसते. बॅटरीचं टोक हललं, उपकरण हातातून पडून फुटलं, तरी धोका. खाणीत वापरायची विजेची उपकरणं म्हणूनच वेगळी बनवलेली असतात. ठिणगी उडालीच तर तिची आग बाहेर येणार नाही अशा जाड आवरणातली उपकरणं म्हणजे फ्लेमप्रूफ उपकरणं. तुमचा फोन कितीही महागाचा असला तरी तो तसा नाही.

ब्रिटिश खाणींचा नियम असा की मिथेन १.२५ टक्क्यांवर गेला की वीज तोडायची आणि २ टक्क्यांवर गेला की माणसं बाहेर काढायची. मोजायला आता इलेक्ट्रॉनिक यंत्रं आहेत. पूर्वी हे काम दिव्याची ज्योत करायची. १८१५ साली हम्फ्री डेव्ही यांनी ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसवलेला दिवा तयार केला. जाळी उष्णता शोषून घेते, त्यामुळे आतली ज्योत बाहेरच्या वायूला पेटवत नाही. शिवाय हवेत मिथेन असेल तर बारीक केलेल्या ज्योतीवर फिकट निळी टोपी चढते. तिच्या उंचीवरून अनुभवी माणूस वायूचं प्रमाण सांगायचा.

आता कमरेच्या पट्ट्याकडे पाहू. त्यावर दिव्याच्या बॅटरीसोबत एक धातूची डबी असते. तिला सेल्फ-रेस्क्यूअर म्हणतात. खाली आग लागली किंवा स्फोट झाला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि इतिहासात स्फोटाच्या धक्क्यापेक्षा या वायूनेच पुष्कळ कामगार मेले आहेत. डबीतून श्वास घेतला की आतलं रसायन कार्बन मोनॉक्साइडचं रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये करतं. त्या क्रियेत उष्णता निघते, म्हणून तोंडात येणारी हवा गरम होत जाते. ती सहन करत चालत राहायचं. साधारण तासभर ती साथ देते. मात्र तिच्यात ऑक्सिजन नसतो, हे कामगाराला पक्कं माहीत असावं लागतं.

दिवे देण्या-घेण्याच्या खोलीत, म्हणजे दिवाघरात, आणखी एक साधी वस्तू दिसते, पितळी टोकन. खाली जाणाऱ्या प्रत्येकाच्या नंबराचं टोकन. अपघात झाला तर वर असलेल्या टोकनांवरून खाली कोण कोण आहे ते कळायचं. विदर्भातल्या कोलियरीत, म्हणजे कोळसा खाणीत, काम केलेल्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल.

खाली हवा येते कुठून?

हवा आपोआप खाली जात नाही, ती ओढावी लागते. म्हणून खाणीला दोन मार्ग लागतात. एकातून ताजी हवा आत, दुसऱ्यातून वापरलेली हवा बाहेर. पूर्वी दुसऱ्या शाफ्टच्या तळाशी भट्टी पेटवायचे. गरम हवा वर चढली की तिच्या मागे ताजी हवा आत खेचली जायची. पुढे मोठे पंखे आले.

दोन मार्गांची गरज कायद्यात शिरली ती एका दुर्घटनेमुळे. जानेवारी १८६२ मध्ये इंग्लंडच्या हार्टली खाणीत पाणी उपसणाऱ्या इंजिनाची प्रचंड तुळई तुटून एकुलत्या एका शाफ्टमध्ये कोसळली. वाट बुजली. खाली अडकलेले कामगार गुदमरून गेले, एकूण २०४ बळी. त्याच वर्षी कायदा झाला की प्रत्येक खाणीला बाहेर पडण्याचे दोन स्वतंत्र मार्ग हवेत. पर्यटकांसाठी उघडलेल्या खाणीलाही यातून सूट नाही. दुसरा मार्ग, पंखा, त्यांची तपासणी, सगळं ठेवावं लागतं.

आतली हवा योग्य बोगद्यातून फिरावी म्हणून वाटेत दारं असतात. कोळशाची गाडी आली की दार उघडायचं, गेली की लगेच लावायचं. हे काम लहान मुलांचं. सात-आठ वर्षांची मुलं दिवसभर अंधारात दाराशी बसायची, कारण दिव्याचं तेल परवडायचं नाही. १८४२ च्या कायद्याने दहा वर्षांखालच्या मुलांना आणि सर्व स्त्रियांना जमिनीखाली काम करायला बंदी घातली.

बिग पिटमध्ये वाटाडे एका जागी सगळ्यांना दिवे विझवायला सांगतात. अमावस्येच्या रात्री रानातही थोडंफार काहीतरी दिसतं. इथे डोळ्यांसमोर धरलेला स्वतःचा हात दिसत नाही. मला विचाराल तर या सहलीतला हा सर्वांत मोलाचा भाग आहे, कारण दाराशी बसलेल्या मुलाबद्दल कितीही वाचलं तरी त्याचा दिवस कसा गेला असेल हे त्याशिवाय समजत नाही.

लोखंड नवं बसवलं, मग खाण जुनी कुठे राहिली?

हा आक्षेप रास्त आहे. डोक्यावरच्या खडकाचं वजन अखंड खाली दाबत असतं. बोगद्याची जमीनसुद्धा हळूहळू वर फुगते. आधार म्हणून लाकडी खांब किंवा लोखंडी कमानी लावतात. दमट हवेत लोखंड गंजतं, लाकूड कुजतं. ते बदललं नाही तर बोगदाच बुजेल.

जुने कामगार लाकडालाच पसंती द्यायचे, कारण लाकूड मोडण्याआधी करकरतं आणि पळायला वेळ देतं. लोखंड फारशी सूचना देत नाही.

त्यामुळे तिथल्या प्रत्येक कमानीचा, प्रत्येक बोल्टचा जुनेपणा तपासत बसण्यात अर्थ नाही. बोगद्याची वाट, त्याची उंची, कोळशाच्या गाड्या ओढणाऱ्या घोड्यांचे तबेले, कोळशाचा थर आणि काम करण्याची रीत या गोष्टी अस्सल आहेत. खाण चालू असतानाही तिचे टेकू सतत बदललेच जात होते. बदलत राहणं हाच तिच्या देखभालीचा मूळ प्रकार आहे. तबेल्यांत आजही घोड्यांच्या नावांच्या पाट्या आहेत. यांतले बरेचसे घोडे वर्षातले बहुतेक दिवस जमिनीखालीच काढायचे.

नुसतं वरचं जपलं तर चालणार नाही का?

चालतं, आणि जगात बहुतेक ठिकाणी तसंच केलेलं आहे. जर्मनीतल्या एसेन शहराची झोलफेराइन ही खाण १९८६ साली बंद झाली. १९३२ साली पूर्ण झालेला तिचा बारा नंबरचा शाफ्ट आणि त्यावरचा लोखंडी मनोरा इतका देखणा आहे की लोक तो पाहायला दुरून येतात. २००१ साली तिलाही जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पण पर्यटक तिथे खाली उतरत नाहीत.

याचं मोठं कारण पाणी. खाण खोदली की आजूबाजूच्या खडकातलं पाणी तिच्याकडे धावतं. खाण चालू असते तोवर पंप चालू असतात. पंप थांबले की बोगदे तळापासून भरत येतात. कोळशाच्या थरात पायराइट हे लोह आणि गंधकाचं खनिज असतं. हवा आणि पाणी लागलं की त्यातून आम्ल आणि विरघळलेलं लोखंड तयार होतं. ते पाणी ओढ्यात उतरलं की तळ केशरी गाळाने माखतो आणि मासे मरतात.

एसेन ज्या भागात आहे त्या रुहरच्या खोऱ्यात पाण्याचा प्रश्न फारच मोठा आहे. दीडशे वर्षं कोळसा काढल्याने तिथली जमीन काही ठिकाणी २० मीटरहून जास्त खचली आहे. उपसा थांबवला तर वस्तीचे भाग तळ्यात जातील. जर्मनीची शेवटची दगडी कोळशाची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली, पण उपशाचा खर्च कायमचा चालू राहणार म्हणून त्यासाठी २००७ सालीच एक स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन केलेलं आहे. झोलफेराइनच्या खोल शाफ्टमधूनही खाण बंद झाल्यावर वर्षानुवर्षं पाणी उपसलं गेलं.

जुन्या खाणीत साठलेलं पाणी किती घातक असतं, हे आपल्या देशाने भोगलेलं आहे. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसलं आणि ३७५ कामगार गेले. नोव्हेंबर १९८९ मध्ये राणीगंजच्या महाबीर कोलियरीतही पाणी शिरलं. तिथे अभियंते जसवंत सिंग गिल यांनी वरून भोक पाडून लोखंडी कॅप्सूलमधून ६५ जणांना एकेक करून वर काढलं.

याच पाण्याला आता एक चांगला उपयोगही सापडला आहे. जमिनीच्या पोटातल्या उष्णतेमुळे ते कोमट असतं. नेदरलँड्समधल्या हीरलेन शहरात २००८ पासून आणि इंग्लंडमधल्या गेट्सहेडमध्ये २०२३ पासून जुन्या खाणींचं पाणी वर आणून, त्यातली उष्णता काढून इमारती उबदार ठेवल्या जातात. जुने नकाशे जपून ठेवले नसते, बोगदे कुठे आहेत हेच माहीत नसतं, तर हे सुचलं तरी जमलं नसतं.

कोळशाने हवा बिघडवली, माणसं मारली. त्याचा वारसा कसला?

वारसा म्हणजे गौरव, असं गृहीत धरलं की हा प्रश्न पडतो. कोळशाने तापमानवाढीला सर्वांत मोठा हातभार लावला हे खरंच आहे. पण खाण जपली नाही तर हिशेबातली दुसरी बाजूही पुसली जाते.

१४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधल्याच सेंघेनिथ खाणीत मिथेन पेटला, त्या धक्क्याने उडालेली कोळशाची भुकटी पेटत गेली आणि ४३९ कामगार मेले. ब्रिटनच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी खाण दुर्घटना. संकटात हवेचा प्रवाह उलटा फिरवता यावा अशी पंख्याची सोय करणं कायद्याने बंधनकारक होतं. ती मुदतीत केलेली नव्हती. खटला झाला. व्यवस्थापकाला २४ पौंड दंड, कंपनीला १० पौंड. हे आकडे वाचून राग येतो, आणि आलाच पाहिजे.

२१ ऑक्टोबर १९६६ रोजी ॲबरफॅनमध्ये खाणीच्या कचऱ्याचा डोंगर घसरून शाळेवर आला. १४४ जण गेले, त्यांपैकी ११६ मुलं. तो ढीग झऱ्यांवर रचलेला होता. फेब्रुवारी २०२० मध्ये टायलर्सटाउन इथे वादळी पावसात असाच एक ढीग घसरला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. त्यानंतर सरकारने मोजदाद केली तेव्हा वेल्समध्ये असे अडीच हजारांहून जास्त जुने ढीग निघाले. त्यांची राखण आजच्या पिढीलाच करायची आहे.

इंडोनेशियातली ओंबिलिन खाण २०१९ साली जागतिक वारसा यादीत आली. डच वसाहतीच्या काळात तिथे साखळदंडांनी बांधलेल्या कैद्यांकडून कोळसा काढून घेतला जात असे. आज सावाहलुंतो शहरात पर्यटकांना जुन्या बोगद्यात नेतात तेव्हा त्या कैद्यांची गोष्ट सांगतात. हे सांगायचं टाळलं तर मात्र वारशाच्या नावाखाली फक्त यंत्रं उरतील.

बिग पिटमध्ये मला सर्वांत बोलकी वाटते ती १९३९ साली बांधलेली सार्वजनिक न्हाणीघरांची इमारत. प्रत्येक कामगाराला दोन कपाटं. एक घरच्या स्वच्छ कपड्यांचं, एक खाणीच्या मळक्या कपड्यांचं, आणि मधे गरम पाण्याचे शॉवर. त्याआधी कामगार काळाकुट्ट होऊनच घरी जायचा. घरातले दोन-तीन पुरुष वेगवेगळ्या पाळ्यांत असले तर बाई दिवसभर पाणी तापवत, पत्र्याचा टब भरत आणि काळे कपडे धूत राहायची. १९२० च्या कायद्याने प्रत्येक टन कोळशामागे एक पेनी कल्याणनिधीत जमा होऊ लागली आणि देशभर अशी न्हाणीघरं उभी राहिली. जमिनीखाली कधीच न उतरलेल्या बायकांच्या पाठीवरचं ओझं त्यामुळे उतरलं.

आपल्याकडे काय आहे?

वेल्सच्या, वाफेच्या इंजिनांत जाळायच्या कोळशाचा मुंबईशी जुना संबंध आहे. एकोणिसाव्या शतकात आगबोटींसाठी तो जहाजांनी मुंबईत उतरायचा. महाराष्ट्राचा स्वतःचा कोळसा मात्र विदर्भात. १८७० च्या दशकात वरोऱ्याला सरकारी कोळसा खाण चालू होती. पुढे बल्लारपूर, चंद्रपूर, वणी, उमरेड, कामठी या पट्ट्यात खाणी वाढत गेल्या.

२०१६ साली वेकोलि म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ यांनी मिळून नागपूरजवळच्या सावनेरची भूमिगत खाण आणि गोंडेगावची उघडी खाण पर्यटकांना दाखवायला सुरुवात केली. पाऊल चांगलं आहे. पण चालू खाण दाखवणं आणि बंद झालेली जपणं ही दोन वेगळी कामं आहेत. चालू खाणीत पंप, पंखे, केज सगळं उत्पादनाच्या पैशातून चालतं. बंद खाणीत तोच खर्च दुसऱ्या कुणाला तरी उचलावा लागतो. आपल्याकडे खाणी बंद करण्याच्या आराखड्यात जमीन सपाट करणं, झाडं लावणं यावर भर असतो. एखादा शाफ्ट, दिवाघर, हजेरीची खिडकी राखून ठेवायची का, हे तोंड बुजवण्याआधी ठरवावं लागतं. एकदा पाणी भरलं की परत जाता येत नाही.

आणि एक अडचण पैशाने सुटणारी नाही. बिग पिटची खरी ताकद तिचे वाटाडे. ते बहुतेक स्वतः खाणीत राबलेले. छतावर काठी मारून आवाजावरून खडक सुटलाय का हे ओळखणारे. पण ब्रिटनमधल्या शेवटच्या मोठ्या खोल खाणीतल्या शेवटच्या कामगारालाही काम सोडून आता दहा वर्षं झाली. खाण सुरक्षित ठेवायला लागणारी प्रशिक्षित माणसं चालू खाणींतूनच तयार व्हायची आणि तो झरा तिथे आटला आहे. विदर्भात तो अजून वाहता आहे. खाली कामावर देखरेख करणारे सरदार आणि ओव्हरमन, दिवाघरातला माणूस, डोली म्हणजे केज चालवणारा, हे सगळे निवृत्त होऊन वणी-बल्लारपुरात राहतात आणि विचारलं तर सांगतात.